दहा म्हणजे दहा

चावऱ्या कुत्र्याकडे पाठ करून तुम्ही कधी जमिनीवर बसला आहात?

बसून पाहा असं मी म्हणणार नाही. मी स्वतःही बसलेली नाही. पण एक बाई रोज बसायची आणि ते मी पाहिलं आहे. नवं कुत्रं आलं, दात विचकून कोपऱ्यात उभं राहिलं, की ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. चार हातांवर फतकल मारायची, पाठ त्याच्याकडे, आणि मांडीवर परात घेऊन ज्वारीतले खडे निवडायला लागायची. कधी अर्धा तास जायचा, कधी सगळी दुपार. शेवटी ते कुत्रं हळूहळू जवळ यायचं, तिच्या पाठीचा वास घ्यायचं.

"आलास?" एवढंच ती म्हणायची. मग मलमपट्टी.

"आत्या, भीती नाही वाटत?"

"त्याचं त्याला ठरवू दे की. आपुन कशाला घाई करायची?"

तिला सगळं गाव आत्या म्हणायचं, तिच्याहून वडीलधारी माणसंसुद्धा. चुडावा स्टेशनाच्या पुढे, रुळाच्या कडेला आमचं गाव. ती धनगराघरची लेक. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी तिला जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. भावांनी मेंढरं विकली तेव्हा गावाबाहेरचा त्यांचा रिकामा वाडा तिने मागून घेतला. काट्यांच्या कुंपणाच्या जागी जाळी आली, वर पत्रे आले, बाजूला एक हापसा होताच. तिथे रेल्वेखाली पाय गेलेली कुत्री होती, एक आंधळा बैल होता, म्हातारी झाली म्हणून कुणीतरी सडकेवर सोडून दिलेली गाढवीण होती. मांजरं तर स्वतःच्या पायांनी येत.

वाड्याचा कायदा एकच. "हितं कुनाचा जीव घ्यायचा न्हाई." बरं होणार नाही म्हणून नाही, म्हातारं झालं म्हणून नाही, जागा नाही म्हणून तर मुळीच नाही. जनावरांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे सहा दिवस ती, तिची हळद, तिची जुनी कात्री आणि चाळीस-पन्नास तोंडं.

कुत्र्यांना नावं रेल्वेची. दर वेताला आठ-दहा पिल्लं देऊन मग वाड्यावर आलेली ती मालगाडी. भुंकत सुटला की न थांबणारा तो एक्स्प्रेस. आणि तीन पायांची एक तांबडी कुत्री, जी गावातून निघाली की प्रत्येक दारापुढे थांबायची, ती पॅसेंजर.

मी पत्रकांच्या घरातली. वडील छापखान्यात कामाला. अक्षरं मी पत्रकांवरच शिकले, त्यामुळे कोणताही अन्याय शेवटी तीन उद्गारचिन्हांनी संपतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. आत्यावर पत्रक काढायचं ठरवून मी पहिल्यांदा वाड्यावर गेले, सोबत नमुन्याला जुनी पत्रकं घेऊन.

"आली बघा कागदवाली," ती एक्स्प्रेसला म्हणाली. मग माझ्याकडे हात केला. "दे हिकडं. पिल्लाखाली आंथरायला लय चांगला कागद हाय."

मी दिला. दुसरं काय करणार?

पण मी जात राहिले आणि एकदा नेटाने विचारलंच: हा कायदा का? गावात कुणी मागितला नव्हता, कुणी तिला आदेश दिला नव्हता. ती बैलाच्या खुराची जखम धूत होती. हात थांबले नाहीत.

"नोकरी लागून साल झालं व्हतं. एका गावात कुत्री लय झाली म्हून मारायचा हुकूम निघाला. मला म्हनले, तू जा, तुला वळखतात. भाकरी मी थापली. औषिद त्यांनी घातलं. टाकली मी." तिने खुरावर आणखी पाणी ओतलं. "येत नव्हती गं ती. मंग मी नावानं हाका मारल्या. शेपट्या हलवत आली समदी."

मी बादली तिच्याकडे सरकवली.

"तवापासून नव्या कुत्र्याला पयल्यांदा त्वांड दावू वाटत न्हाई."

त्या दिवशी मी पत्रकाचा मजकूर फाडला. दया, करुणा, भूतमात्र असले शब्द मी त्यात घातले होते. आमच्यासारखी माणसं तत्त्वं छापून वाटतात. या बाईने एक तत्त्व पाठीवर घेतलं होतं आणि ते उतरवून ठेवायची तिची तयारी नव्हती.

आता मला माझी चूक सांगितली पाहिजे. वाड्याच्या दाराला तारेचा फास होता, त्याला दोन पीळ द्यावे लागत. एका उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडताना मी एकच दिला. डोक्यात एक वाक्य घोळत होतं. कोणतं, ते आता आठवतही नाही.

पॅसेंजर निसटली आणि सवयीने दारोदार थांबत गेली. गावातल्या एका गवंड्याची सहा वर्षांची मुलगी अंगणात खेळत होती. तिने मागून येऊन कुत्रीला मिठी मारली. हात नेमका तुटक्या पायाच्या खुंटावर दाबला गेला. पॅसेंजर वळली आणि मुलीच्या दंडाला चावली.

आरडाओरडा ऐकून आत्या आणि मी पोचलो तेव्हा आजीने जखमेत मिरचीची पूड भरली होती. आमच्याकडे कुत्रं चावलं की हेच करतात, आणि वाईट हेतूने कुणीच करत नाही. आत्याने कुत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मुलीला उचललं, वाड्यावरच्या हापशाखाली बसवलं आणि मला म्हणाली, "हापस."

"किती वेळ?"

"मी थांब म्हनस्तोर."

मुलगी किंचाळत होती, आत्या कपड्याचा साबण लावून जखम धूत होती, मी हापसत होते. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी खांद्यांनी शिकवलं. मग तशीच ती मुलीला, तिच्या आईला आणि मला घेऊन रिक्षात बसली, पूर्णेला सरकारी दवाखान्यात. कुणी पुन्हा जखमेवर काही लावू नये म्हणून सगळा रस्ता तो दंड स्वतःच्या हातात उघडा धरून ठेवला.

इंजेक्शनं घेऊन परतलो तर वाड्यापुढे काठ्या घेऊन माणसं उभी. पुढे मुलीचा बाप.

"आत्या, तुमचा मान हाय. पर आज हे बंद. समदी कुत्री मारायची."

"उद्या सकाळी लाडू टाकू," सरपंच म्हणाले. लाडू म्हणजे विषाचे.

आत्या रिक्षातून उतरली, मुलीला बापाच्या कडेवर दिलं. "तुजी पोर माज्या कुत्रीनं चावली. दार माजं, चूक माजी." मी तोंड उघडलं तशी तिने माझ्याकडे असं पाहिलं, की उघडलेलं तोंड मिटलं. तो पीळ माझ्या हातून राहिला होता, हे मी आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

"दहा दिसाची मोहलत द्या," ती म्हणाली. "कुत्री पिसाळलेली आसल तर दहा दिसाच्या आत मरंल. कुनी मारायची गरज न्हाई. मेली तर वाडा बंद, कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात. जगली तर गावातल्या एका बी कुत्र्याला हात लावायचा न्हाई."

"आन् तवर ती कुठं राहनार?"

"तुमच्या डोळ्यापुढं."

असा तो सौदा झाला. ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली लोखंडी पिंजरा ठेवला, त्यात पॅसेंजर. बाजूला पोत्यावर आत्या. रोज सकाळी मुलीचे आजोबा यायचे, कुत्री जिवंत आहे याची खात्री करायचे आणि पंचायतीच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचे.

येणारे जाणारे टोमणे मारत. "आत्या, कुत्रीला दहा दिसाची मोहलत हाय. तुमाला किती?"

"तुज्यापेक्षा जास्त. जा, रानात जा, बायको वाट बघायलीय."

चौथ्या दिवशी पॅसेंजरने भाकरी तोंडात घेतली नाही. कोपऱ्यात मान टाकून पडली. दुपारपर्यंत पुन्हा काठ्या जमल्या. सरपंच म्हणाले, "आता बघायचं काय राहिलं?"

"सहा दिस राहिलेत," आत्या म्हणाली आणि पिंजऱ्यासमोर उभी राहिली. "लांब व्हा. पिसाळलेली आसल तर जवळ यायचं न्हाई, आन् नसल तर मारायचं न्हाई. दोन्हीत तुमचं हितं काम न्हाई."

पाचव्या दिवशी पॅसेंजर उठली आणि घटाघटा पाणी प्यायली. सगळीकडे एकच गलका झाला. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. आजोबांनीच म्हटलं, "सोडा आता. झाला निकाल."

मला वाटलं, जिंकलो. आत्याने मान हलवली. "पानी पिलं म्हून काय झालं? मी पानी पिऊन मेलेली बघितलीत. दहा म्हंजी दहा."

तिच्या बाजूने लागलेला निकाल तिने सगळ्या गावादेखत परत केला. मी अनेक सभांमध्ये अनेक वक्ते ऐकले आहेत. स्वतःच्या फायद्याचं खोटं खोडून काढणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सातव्या दिवशी मुलीची पुढची सुई होती. तिची आई येऊन म्हणाली, "आत्या, कुत्री तर बरी हाय. पोरगी सुईला लय रडती. राहू द्या की."

त्या दहा दिवसांत आत्या एकदाच भडकली ती तेव्हा. "कुत्रीचं कुत्री बघून घेईल! सुई चुकायची न्हाई." तिने मुलीला कडेवर घेतलं आणि रिक्षाकडे निघाली. रडणं पूर्णेपर्यंत ऐकू गेलं असेल.

दहाव्या दिवशी सकाळीच सगळं गाव लिंबाखाली आलं. आजोबांनी दहावी रेघ ओढली. पॅसेंजर पिंजऱ्याच्या गजांतून सगळ्यांकडे शेपटी हलवत होती. सरपंच कडीकडे हात नेणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "चावली कवा व्हती?"

"दुपारी."

"मंग दुपार हुंद्या."

आणि गाव बसलं. शेताची कामं टाकून, कुरकुरत, बिड्या ओढत, लिंबाची सावली सरकेल तसं सरकत गाव बसून राहिलं. दुपार उलटल्यावर मुलीच्या बापाने स्वतः कडी काढली. पॅसेंजर बाहेर आली, आळोखेपिळोखे दिले आणि लंगडत पहिल्या दारापुढे जाऊन थांबली. मग दुसऱ्या. त्याच आठवड्यात त्या बापाने वाड्याला विटांची चौकट घालून एकामागे एक अशी दोन दारं बसवून दिली.

मी नंतर आत्याला विचारलं, "आणि पॅसेंजर मेली असती तर?"

"तर पोरगी वाचली आसती. पयल्या दिशी धुतलंय, सुया दिल्यात. मंग किल्ली दिली आसती की."

म्हणजे तिने कुत्रीच्या भरवशावर काहीच सोडलं नव्हतं. मुलीचा जीव आधी पक्का करून, मग उरलेला धोका तिने एकटीने स्वतःकडे घेतला होता. लिंबाखाली दहा दिवस बसूनही हे मला कळलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजारी होती, कुणाला बोलली नव्हती. वाडा चालू आहे. सकाळी मी जाते, संध्याकाळी त्या मुलीची आई. नव्या कुत्र्याकडे पाठ करून बसायची हिंमत आम्हा दोघींना अजून नाही. आम्ही जाळीपलीकडे बसतो.

ती गेल्यावर महिन्याभराने तिचा फोन वाजला. तो आता माझ्याकडे असतो. राणीसावरगावकडून कुणी बोलत होतं. मागे माणसांचा आरडाओरडा.

"ती दहा दिसवाली बाई हाय का?"

"ती आता नाही."

पलीकडचा आरडाओरडा वाढला. मग आवाज आला, "मंग कुत्र्याचं काय करायचं?"

मी सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण सगळे फोन माझ्यापर्यंत पोचणार नाहीत. तुमच्या गल्लीत कुत्रं कुणाला चावलं तर आधी माणसाकडे जा. मिरची नको, चुना नको. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि एकही सुई चुकवू नका, कुत्रं कितीही ठणठणीत दिसो. मग परत या. त्या कुत्र्याला कुणाचा हात लागणार नाही असं कोंडा. आणि काठ्या घेतलेली माणसं जमली असतील, तर त्यांच्या पुढे उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: आज पहिला दिवस.