आधारवरची तारीख

मी तापट आहे, हे आमच्या जे. पी. नगरातल्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं. म्हणून लेक बॅग भरून गेली त्याच सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन बसले. चिठ्ठी फ्रिजला चिकटवलेली होती. एचएसआर लेआउटमध्ये मैत्रिणीबरोबर पीजीत राहणार, तिथल्या बेकरीत काम शिकणार, इंजिनीअरिंगला जाणार नाही, शोधू नका. शोधू नका म्हणे! खाली पत्ता स्वतःच लिहिलेला.

ठाण्यातल्या पोलीसबाईंना मी कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं, "मुलगी सतरा वर्षांची आहे. अठरा होईपर्यंत ती आमच्या ताब्यात, कायदाच आहे तसा. जीप पाठवा आणि आणा तिला."

"सरी, अक्का," त्यांनी होकारार्थी मान हलवली. "अठराच्या आतली असेल तर आत्ता निघतो. आधार दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. "ही तर अठरा वर्षं तीन महिन्यांची आहे."

घ्या! तारीख खोटी होती, आणि ती मीच लावलेली होती. लेक माझ्या माहेरी, बेळगावजवळच्या खेड्यात, घरीच जन्मली. नोंद करायची राहून गेली. पुढे पहिलीत घालताना वय कमी पडायला लागलं, तेव्हा आमच्याकडे कित्येकांनी केलं तेच मी केलं. शपथेवर तारीख आठ महिने मागे नेली आणि दाखला काढला. शेजारणीचा मुलगा पहिलीत जाणार आणि माझी लेक मागे राहणार म्हणजे काय! घरात मात्र वाढदिवस खऱ्या दिवशीच, औक्षण करून. दोन्ही तारखा तिला लहानपणापासून पाठ होत्या.

"मॅडम, आधारवरची तारीख खोटी आहे," मी बोलून गेले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तसं लिहून द्या. शपथ खोटी घेतली, मुलगी अजून अज्ञान आहे. आजच आणतो तिला. पण मग तिच्या दहावी-बारावीच्या कागदांची चौकशी होईल, आणि तुमचीही. नाही लिहिलंत तर ती सज्ञान. तिला आम्ही एवढंच विचारू शकतो, मर्जीने गेलीस ना? ओढून नाही आणता येत."

समोर कोरा कागद आला. "स्वल्प थांबा," मी म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. पाच वर्षांची होती तेव्हा ती लवकर मोठी व्हावी म्हणून मी देवाशपथ खोटं बोलले. आता ती मोठ्यासारखी वागली, तर मीच बोंबा मारत ठाण्यात आले होते.

बाईंनी तिला फोन लावला, सुखरूप आहेस ना विचारलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई," ती म्हणाली, "तू खरी तारीख लिहून दिलीस तर मला यावं लागेल. माहीत आहे मला. येईन."

इतका वेळ शिव्या तयार ठेवल्या होत्या. तोंडातून निघालं, "जेवलीस का गं?"

कागद कोराच परत केला. घरी येऊन ह्यांच्यावर विनाकारण ओरडले आणि मग खूप रडले.

पुढचे पाच महिने ह्यांनी दर रविवारी तिला डबा पोचवला. मी आदळआपट करत भरायची, पण भरायची. तिची आवडती शेंगाचटणी कधी चुकली नाही. मी स्वतः मात्र एकदाही गेले नाही. हट्ट तो हट्ट.

मग तिचा खरा अठरावा वाढदिवस आला. निरांजन, कुंकू, सुपारी पिशवीत घातली आणि रिक्षा केली. पीजीची खोली वीतभर, दोन कॉट आणि मध्ये एक खुर्ची. तिला खुर्चीवर बसवून ओवाळलं. मनगटावर भट्टीचे दोन चटके होते. मी काही बोलले नाही, म्हणजे बघा!

तिने पाया पडून मला स्वतः केलेला बन दिला. एका बाजूने करपलेला होता. मी खात होते, आणि ती माझ्याकडे बघत म्हणाली,

"आई, आजपासून मी माझ्या हक्काने राहते. आजपर्यंत तू राहू दिलंस."