रावसाचे एक कोरे पान

डॉ. कुमुदिनी सुरवाडे मॅडमना मी प्रथम पाहिले ते धुळ्याच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी जळगावच्या पिंप्राळ्यातून एसटीने येत आणि आम्हा एम.एस्सी.च्या मुलांना मानधनाशिवाय शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवले आणि विचारले, "काय दिसतं?"

काचेवर तांदळाच्या कणीएवढे, पारदर्शक असे काहीतरी होते. मी म्हणाले, "माशाचं पिल्लू."

"ते मी सांगितलं म्हणून. दिसतं काय?"

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावले. लहानपणी तब्येत नाजूक असल्याने माझे पहिले धडे एरंडोलजवळच्या आमच्या घरीच झाले. वडिलांच्या मोठ्या बहिणीने, आमच्या अक्कांनी, मला शिकवले. अक्कांना उत्तर पटकन लागे. ते चुकले तरी चाले, पण अडलेले चालत नसे. त्यामुळे मी घाबरून बसले. मॅडम शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दिसत नाही म्हणायला शीक. बाकीचं मग येतं."

मॅडमचे काम अनेकांना ठाऊक आहे, पण या गौरवग्रंथाचे सगळे वाचक आमच्या विषयाचे नाहीत, म्हणून थोडे सांगते. समुद्रातला मासा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो पुढे दिसणार असतो तसा मुळीच दिसत नाही. कोणते पिल्लू कोणत्या माशाचे, हे अंगावरच्या काळ्या ठिपक्यांवरून, काट्यांवरून आणि शरीरातले स्नायूंचे खंड मोजून ठरवावे लागते. मॅडमनी कोकणात संशोधन केले, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे खानदेशात परतल्या आणि तरीही हाच विषय धरून राहिल्या. सुट्टी लागली की किनाऱ्यावर जायचे, मच्छीमारांच्या होडीतून बारीक विणीचे जाळे ओढायचे, सापडेल ते फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरून आणायचे. अक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्या अहिराणीत म्हणाल्या, "समिंदरना मासा, आनि धुयामा? आठे पानी कोठे शे वं माय?" मी ते मॅडमना सांगितल्यावर त्या खूप हसल्या. "अक्कांना सांग, पाणी नाही म्हणूनच तर बरण्या आहेत."

होडीवरचा माझा पहिला अनुभव वाईट होता. मला भडाभडा उलटी झाली. मॅडमनी एका हाताने जाळ्याची दोरी आणि दुसऱ्या हाताने माझे कपाळ धरले. "त्या बाजूला, त्या बाजूला," त्या ओरडल्या, "जाळ्यात पडलं तर तेही मोजावं लागेल!" परत येताना गाडीत त्यांनी मला आपली खिडकीची जागा दिली आणि स्वतः सामानाला टेकून बसल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते, हे मला फार नंतर कळले.

त्यांचा एक नियम होता: आधी चित्र काढायचे, मग नाव द्यायचे. नाव आधी दिले की डोळा नावाप्रमाणे पाहू लागतो, असे त्या म्हणत. हा नियम कुठून आला हेही त्यांनी लपवले नाही. तरुणपणी त्यांनी हेकरू माशाच्या दोन वयांची पिल्ले दोन वेगळे मासे म्हणून छापली होती. लहान पिल्लाच्या पाठीवर लांब काटे असतात, मोठे होताना ते आखडतात. मधल्या वयाचे पिल्लू पुढे त्यांच्याच जाळ्यात आले आणि चूक उघड झाली. कोणीही बोट दाखवले नव्हते. मॅडमनी स्वतः नियतकालिकाला कळवून दुरुस्ती छापायला लावली आणि पुढे प्रत्येक तुकडीला ती चूक पहिल्या तासाला शिकवली.

मॅडमच्या चित्रांचा ग्रंथ त्यांच्या या पंच्याहत्तरीच्या समारंभात प्रकाशित व्हायचा होता. तो का झाला नाही, असे अनेक जण विचारतात. मी त्या कामात असल्याने उत्तर देणे माझे कर्तव्य समजते.

मॅडमच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. दारातून कोण आले ते त्यांना कडेने कळते. पण जिथे रोखून पाहावे तिथेच धूसर डाग असतो. डॉक्टरांनी सुधारणेची आशा दिलेली नाही. म्हणून गेले वर्षभर मी पिंप्राळ्याला त्यांच्या पुढच्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगते आणि त्या ऐकतात. स्नायूंचे खंड मी एकदा डोक्याकडून मोजते, एकदा शेपटीकडून. दोन्ही जुळले नाहीत की त्या फक्त "हं," म्हणतात आणि मी पुन्हा सुरू करते.

ग्रंथात रावस माशाची अंड्यापासूनची सगळी वये एकापुढे एक यायची होती. हे मॅडमचे आयुष्यभराचे काम. एकाच वयाचे चित्र राहिले होते आणि त्या वयाचे एकच पिल्लू आमच्याकडे होते. बरणीवरच्या चिठ्ठीत मॅडमच्या अक्षरात 'रावस' लिहिलेले होते. ते सापडले त्या दिवशी परतीची गाडी गाठायची होती, म्हणून नाव लिहिले गेले आणि चित्र राहून गेले. नियम मोडल्याचे त्यांना आठवत होते ते एवढेच एकदा.

ते चित्र काढायचे ठरले त्या दुपारी समारंभ समितीचे अध्यक्ष, मॅडमचे सर्वांत जुने विद्यार्थी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, तेही आले होते. मी पिल्लू काचेवर घेतले.

"शेपटीखाली, पोटाच्या कडेला ठिपक्यांची ओळ आहे," मॅडम म्हणाल्या. "बघ."

मी पाहिले. उजेड बदलून पाहिले. काच उलटी करून पाहिले. ओळ नव्हती. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे ठेवलेल्या पिल्लांचे ठिपके विरून जातात, हे मला माहीत होते. ते विरले असतील, किंवा कधी नसतीलही. मी "आहेत" म्हटले असते तर ग्रंथ पुरा होत होता.

"मॅडम, मला ठिपके दिसत नाहीत."

नाना म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहिलेत ना त्या वेळी? मग झालं. तुमच्यापेक्षा कोणाला कळतंय?"

मॅडम म्हणाल्या, "पाहिले होते रे नाना. पण काढले नव्हते." आणि मला म्हणाल्या, "चिठ्ठीवरचं नाव खोड. ते पान कोरं ठेवा."

"कोरं पान?" नाना म्हणाले. "लोक म्हणतील छापखान्यानं घोळ घातला!"

"म्हणू दे. काढलं नाही ते पाहिलं नाही. खाली लिहा, हे वय पाहिलेले नाही."

नाव मी खोडले. आपण खोडतो आहोत ते पुसट अक्षर कोणाचे आहे हे दिसत असताना पेन चालवणे किती कठीण असते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मॅडमनी चहा टाकायला सांगितला, पण स्वतः घेतला नाही. पान कोरे ठेवायचे ठरल्याने मजकूर नव्याने तपासावा लागला, आणि समारंभापूर्वी छापण्याची वेळ निघून गेली. ग्रंथ निघेल, पण तसाच निघेल.

येत्या हिवाळ्यात, ते पिल्लू सापडले होते त्याच खाडीवर जाळे घेऊन जाण्याचा माझा विचार आहे. तिथले मच्छीमार सांगतात की रावस आता पूर्वीसारखा येत नाही. त्यामुळे त्या वयाचे पिल्लू पुन्हा सापडेलच, असे मी इथे लिहू शकत नाही. मॅडमची दृष्टी परत येवो, असेही लिहीत नाही. ते त्यांनाच आवडणार नाही. पण त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांना आराम पडो, आणि त्यांना इतके दीर्घ आयुष्य लाभो की एखाद्या दिवशी मी ताजे पिल्लू काचेवर ठेवून, नाव न घेता, त्याचे वर्णन करत जावे आणि ते काय आहे हे मॅडमनी मला सांगावे. आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने त्यांना सादर वंदन.