भावजयीला दिलेलं आंबवण

देब्रे मार्कोस गावातली पिठाची गिरणी येशीमबेतच्या बापानं काढली आणि तिनं जन्मभर चालवली. बाप गेल्यावर धाकट्या भावानं, ताफेसेनं तिला हाकललं. "ताई, आता घरी इंजेरे भाज."

ती भाजत बसली. झाकण उचललं की इंजेरा, आंबवलेल्या पिठाची ती मऊ जाळीदार पोळी, बघून तिचा चेहरा खुलायचा.

ताफेसेनं नवं जातं बसवलं, गावजेवण ठरवलं. त्याची बायको पीठ फुगवणारं आंबवणाचं जिवंत पाणी मागायला आली. आमच्यात ते कुणालाच नाकारत नाहीत. येशीमबेतनं भांडं भरून दिलं, आधी चांगलं उकळून, मग निववून.

इंजेरे चामड्यासारखे निघाले. पाहुणे ताफेसेच्या पिठाला नावं ठेवत उठले.

भावजय परत दारात. "वन्सं, सगळं बिघडलं हो. अजून थोडं द्याल?"

"त्यात काय विचारायचं? बस, कॉफी करते," म्हणत येशीमबेतनं आत चुलीवर दोन भांडी चढवली.