तांदळाच्या खोलीतला माईक

सुकन्या मॅडमच्या डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण आहे. कुणी विचारलं तर त्या सरळ सांगतात, चूक माझीच होती. खरं तर अर्धीच.

सणसरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत त्या शिकवतात. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की खिचडीच्या तांदळाची पोती रचलेल्या खोलीत फोनला माईक लावून बसायच्या. पोत्यांमुळं आवाज घुमत नाही. बारामती-इंदापूरचे शिक्षक आपापल्या फोनवरून थेट गप्पांत यायचे. कुणाचं गणित अडलेलं, कुणाचं पोर. नंतर त्याचाच पॉडकास्ट व्हायचा. एकदा विषय निघाला घरी मार खाणाऱ्या मुलांचा. मॅडमनी सहावीतल्या स्वरूपाचं फोनवर टिपलेलं बोलणं ऐकवलं. नाव गाळलं, पण आवाज कसा गाळणार? डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या साऱ्यांनी पोरगी ओळखली. तिच्या बापाला, सर्जेरावला, तोंड दाखवायला जागा उरली नाही.

पुढच्या शनिवारी गप्पा रंगात आलेल्या. सर्जेराव स्वरूपाला फरफटत आत घेऊन आला आणि त्यानं दाराला कडी घातली.

"बोल त्यात. बाप मारत न्हाय म्हण."

स्वरूपानं माईककडं पाठ फिरवली. त्यानं कमरेचा पट्टा काढला. मॅडम मधे पडल्या; बक्कल भुवईवर बसलं, डोळा रक्तानं भरला. त्यांनी पोरीला पोत्यांमागं ढकललं आणि उरलेले फटके पाठीवर घेतले. तो माईककडं तोंड करून ओरडत होता, "मी मारत न्हाय माझ्या पोरीला," आणि पट्टा हाणतच होता. त्या मूर्खाला कळत नव्हतं की दोन तालुके ऐकताहेत.

गप्पांत असलेले शेजारच्या गावचे विजयसिंह सर हे ऐकून आणखी दोघांना मोटारसायकलवर घालून आले. लाथांनी दार फोडलं. छडीविना शाळा यावर तासभर बोलणारे हे सर. त्यांनी सर्जेरावला लोळवलं, त्याचाच पट्टा हिसकावला आणि त्याला फोडून काढलं. मॅडम भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून.

तेवढ्यात स्वरूपा धावत आली आणि बापाच्या अंगावर आडवी पडली.

"सर, पप्पांना नका मारू."

सरांच्या हातातला पट्टा गळून पडला.

सर्जेराववर गुन्हा दाखल झाला. स्वरूपाला मामा वडगाव निंबाळकरला घेऊन गेला. निघताना मॅडम म्हणाल्या, "मला फोन करत जा."

"त्यात ऐकवणार न्हाय ना?" स्वरूपानं विचारलं.

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. अजून तिचा फोन आलेला नाही.