वहिनीची लिपस्टिक आणि बुटक्याचा दुसरा गिअर

गिअरबॉक्स अजून उघडलासुद्धा नव्हता, आणि दादाने पाटी रंगवून घेतली. वर ठळक 'दादा गॅरेज' आणि खाली लाल अक्षरांत 'गिअरबॉक्सचं काम खात्रीने होईल'. पेंटर शिडीवरून उतरतोय तोवर छोटी हात पुसत बाहेर आली. तिने वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला.

"दादा, मी आजवर एक तरी गिअरबॉक्स बांधलाय का?"

"नाही. म्हणून तर आता बांधणार."

"आणि नाही जमलं तर?"

"जमणारच. बहीण कुणाची आहेस?"

छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, पण नाव पडलं ते पडलं. शाळा दोघांनाही मानवली नाही. दादाचं लक्ष खिडकीबाहेर, आणि हिचं बाकाच्या स्क्रूंवर. एकदा शिपायाने बाक उचलला तर फळी हातात आली आणि पाय जमिनीवरच उभे राहिले. घरी ही गोष्ट दादानेच पोहोचवली, पण चुगली म्हणून नाही, कौतुक म्हणून. तेव्हापासून हे असंच चालत आलेलं. ती करायची आणि तो गावभर सांगायचा. पंक्चर, ब्रेक, क्लच, सगळं तिच्या हातचं. पण गिअरबॉक्स म्हटला की गिऱ्हाईक गाडी वळवून दुसरीकडे न्यायचं. 'पंक्चरवाली ताई' म्हणायचे तिला. तो शब्द दादाला चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा.

म्हणून रोपवाटिकेच्या मावशी आपला बुटका ओढत घेऊन आल्या तेव्हा दादा उडी मारूनच पुढे झाला.

बुटका म्हणजे मावशींचा छोटा ट्रॅक्टर. इतका जुना की मूळचा रंग कोणता यावर मावशींचं आणि त्यांच्या सुनेचं अजून एकमत नव्हतं. पण रोपांच्या दोन ओळींमधून जाणारं यंत्र तेवढंच. मोठा ट्रॅक्टर घातला की एका बाजूचे गुलाब आडवे. आता बुटका दुसरा गिअर टाकला की कडाकडा ओरडायचा आणि जागीच उभा राहायचा. सुटे भाग बनायचे कधीच बंद झाले होते. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते. भंगारवाला सोमवारी टेम्पो घेऊन येणार होता.

"तोवर झालं तर झालं," मावशी म्हणाल्या. "नाहीतर बुटका गेला, आणि त्याच्याबरोबर माझ्या खालच्या ओळीही."

"ही करते की नाही बघा!" दादा म्हणाला. छोटीला कुणी विचारलंच नाही; दादाने थेट पेंटर बोलावला.

झाकण काढलं तर दुसऱ्या गिअरच्या चाकाचे शेजारशेजारचे दोन दात मुळापासून गेलेले. तुकडे तळाच्या तेलात. छोटीने ते चिमट्याने वेचून कपड्यावर मांडले आणि बराच वेळ नुसती बघत बसली. दादाला वाटलं, खचली.

"छोटे?"

"गप्प बस जरा. विचार करतेय."

तिने तुटक्या जागी वेल्डिंगने थर चढवला. शेजारच्या धडधाकट दाताचा पत्र्यावर साचा कापला. मग कानस घेतली. दोनदा घासायचं, साचा लावून बघायचं, पुन्हा दोनदा घासायचं. दादा दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "आत दात बसवतेय. डॉक्टर लोकांना जमायचं नाही!" आतून ओरडा आला, "दादा, तुझ्या तोंडाला कानस लावू का?"

आकार उतरला. दात तापवून, तेलात बुडवून कडक केले. आता खरी परीक्षा होती. नवे दात समोरच्या चाकाला पूर्ण टेकतात की नुसत्या कोपऱ्यावर, हे कसं कळायचं? छोटी थेट घरात गेली आणि वहिनीची लिपस्टिक मागून आणली.

"अगं बाई!" वहिनी मागोमाग आली. "यांनी मला वर्षातून एकदा आणून द्यायची, आणि ती ह्या बुटक्याने लावायची!"

"वहिनी, कुरकुर नंतर. हा शाफ्ट धरा. सोडू नका."

समोरच्या चाकाच्या दातांना लिपस्टिक फासली. वहिनीने हलक्या हाताने शाफ्टचा दांडा धरला, छोटीने चाक फिरवलं. नव्या दातांवर गुलाबी ठसा उमटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. छोटी हसली. आठवड्यात पहिल्यांदा. "असाच राहू दे. चहा पिऊन पुन्हा एकदा नीट बघते."

ती आत गेली, आणि दादाला राहवलं नाही. मावशी यायच्या होत्या, शेजारचा सुतारही डोकावणार होता. इतकं झकास काम, आणि त्याला गुलाबी डाग? पेट्रोल आणि फडकं घेऊन त्याने दोन्ही चाकं अशी लखलखीत पुसली की त्यात भांग पाडावा.

छोटी कप घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली.

"दादा, माझा ठसा कुठाय?"

"ठसा? अगं, घाण होती ती. साफ करून दिलं."

मग जे शब्द पडले ते सुताराने पुढे बरेच दिवस लोकांना सांगितले. दादा ऐकत राहिला.

"धर आता तूच," ती म्हणाली. लिपस्टिकच्या तळाशी उरलेलं सगळं खरवडून तिने पुन्हा फासलं.

अपराधी माणूस धरतो तसा दादाने शाफ्ट धरला, दोन्ही हातांनी, ओठ आवळून. छोटीला चाक फिरवायला जोर लावावा लागला. फिरलं. तिने वाकून पाहिलं आणि पाहतच राहिली. ठसा आता फक्त एका कोपऱ्यावर होता.

"घट्ट धरलास?"

"तूच म्हणालीस धर म्हणून!"

"पुन्हा धर. तसाच."

तिने शाफ्टच्या टोकाला बोट लावलं. जोर आला की शाफ्ट केसभर वर उचलला जात होता. शाफ्ट ज्यात फिरतो ते मागचं बेअरिंग ढिलं होतं. दात उगाच तुटले नव्हते, सगळा भार एका कोपऱ्यावर येऊन तुटले होते. वहिनीने हलकं धरलं तेव्हा शाफ्टवर भारच आला नव्हता, म्हणून ते दिसलं नव्हतं. तसंच बांधलं असतं तर नवे दातही पहिल्या चढालाच गेले असते.

"म्हणजे मी पुसलं ते बरंच झालं," दादा हळूच म्हणाला.

छोटीने कानस उचलली. दादा उठून बाजारात पळाला. असलं बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं, पण त्याने ते असं आणलं जणू खाणीतून खोदून काढलंय. नवं बेअरिंग बसलं, दादाने पुन्हा जीव खाऊन धरलं, आणि ठसा टोकापासून टोकापर्यंत उमटला.

सोमवारी भंगारवाला टेम्पोला टेकून उभा होता. "दादा, पाटी पुसायला टर्पेंटाइन आहे ना घरात?"

दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. रोपवाटिकेच्या फाटकापाशी चढ होता. मावशींनी बुटक्यामागे मातीने भरलेल्या कुंड्यांची ट्रॉली जोडली, चढून बसल्या, पहिला गिअर टाकला. मग क्लच दाबून दुसरा. छोटीने डोळे मिटले आणि दादाचं मनगट पकडलं.

काहीच वाजलं नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि बुटका ट्रॉली घेऊन चढ चढला, वळला, गुलाबांच्या दोन ओळींमधून एकही पान न दुखावता खाली उतरला. मावशी तिथूनच ओरडल्या, "अगं पोरी, हा तर नवा असतानाही असा चालला नव्हता!"

भंगारवाल्याने टेम्पोचं दार उघडलं. "ताई, माझ्या टेम्पोचाही तिसरा गिअर जरा कुरकुरतो," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी दादाने पेंटरला पुन्हा शिडीवर चढवलं. खालची ओळ तशीच ठेवून वरचं 'दादा' पुसायचं आणि 'ताई' लिहायचं.

"आणि दादा, तुमचं कुठे लिहू?" पेंटरने विचारलं.

"माझं कशाला?" दादा म्हणाला. "पाटीला तोंड नसतं, म्हणून तिच्यावर लिहावं लागतं. मला आहे." आणि तो खुर्ची घेऊन दारात बसला.