खालच्या हाताची सर्व्हिस

तिला सगळे गोचीड म्हणत. बारा वर्षांची असताना एका सामन्यात समोरची मुलगी रडत आपल्या आईकडे गेली आणि म्हणाली, "ती सोडतच नाही गं, गोचिडीसारखी चिकटते!" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दणका तिच्या हातात कधी नव्हता, उंचीही बेताची. पण तिच्याकडून एक पॉइंट घ्यायचा तर तो तीनदा जिंकावा लागायचा.

तिची आई शहर बस चालवायची. शाळा सुटली की लेक डेपोत येऊन बसे, आईची पाळी संपेपर्यंत. गाड्या धुतात त्या जागेमागे एक लांब भिंत होती. बसमध्ये विसरलेल्या सामानात एक जुनी रॅकेट निघाली, तिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही, आणि भिंतीवर ठोकठोक सुरू झाली. जवळच्या क्लबात टेनिस शिकवणारे सर एकदा थांब्यावर उभे होते. आवाज ऐकून ते डोकावले आणि सहज मोजू लागले. "एकशे बारापर्यंत मोजलं," ते पुढे सांगत, "मग माझी बस आली. चेंडू खाली पडलेला मी काही पाहिला नाही."

सतराव्या वर्षी जागतिक क्रमवारीत तिचं नाव लागलं, अकराशेच्या पलीकडे. मग सहाशे, चारशे, अडीचशे. छोट्या स्पर्धा, बेसिनमध्ये धुतलेले मोजे, प्रेक्षकांत दोन माणसं आणि त्यातला एक समोरचीचा बाप. अडीचशेवर ती चार वर्षं रुतून बसली. बरोबरीच्या पोरी एकेक करून सोडून गेल्या. कुणी शिकवायला लागली, कुणी संसाराला. ही हलली नाही. सव्विसाव्या वर्षी गाडी एकदम सुटली आणि ती एकशे अठरावर पोचली. पहिल्या शंभरेक जणींना मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. दार आता डोळ्यांना दिसत होतं.

आणि तेव्हाच हात गेला.

एका उपान्त्य सामन्यात, जिंकायला एकच पॉइंट हवा असताना, सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू तिच्या डोक्यामागे जाऊन पडला. ती हसली, प्रेक्षकही हसले. पुन्हा टाकला, तो पुढे नेटकडे गेला. त्या दिवशी ती कशीबशी जिंकली. पण पुढच्या आठवड्यात सात डबल फॉल्ट झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात एकोणीस. डबल फॉल्ट म्हणजे दोन्ही संधी वाया घालवून आपल्याच हाताने समोरचीला दिलेला पॉइंट.

डॉक्टरांनी मनगट, कोपर, खांदा, मान, सगळं तपासलं. "हातात काही दोष नाही," ते म्हणाले.

"मग कुठे आहे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "चेंडू सोडायच्या क्षणी काय वाटतं?"

"बोटं माझी नाहीत असं वाटतं."

सरांनी सगळे उपाय केले. चेंडू आधी चारदा आपटायचा, आठदा आपटायचा, श्वास धरायचा, सोडायचा, डोळे मिटून टाकायचा. सरावात चेंडू शहाण्यासारखा सरळ वर जाई. सामन्यात पंचांनी स्कोअर पुकारला की तळहाताला घाम फुटायचा. जेवताना आईने मिठाची डबी मागितली तरी ती उजव्या हाताने द्यायची. डाव्यावर, चेंडू टाकायच्या हातावर, तिचा भरवसाच उरला नव्हता. क्रमवारीत ती एकशे एकाहत्तरवर घसरली.

वर्षातली शेवटची मोठी स्पर्धा आली. मुख्य फेरीत जायचं तर आधी पात्रतेचे तीन सामने जिंकायचे. आईने साठवलेली सगळी रजा काढली आणि ती सरांच्या शेजारी येऊन बसली. पहिल्या सामन्यात चौदा डबल फॉल्ट, दुसऱ्यात बारा. दोन्ही जिंकली, पण पायांवर, धावून धावून. तिसऱ्यात समोर एक अठरा वर्षांची ताडमाड मुलगी होती. तिचा फटका जमिनीला लागला की आवाजच वेगळा यायचा.

दोघींचा एकेक सेट झाला. तिसऱ्या सेटमध्ये गोचीड पाच-तीन पुढे. सर्व्हिस हिची. हा एक गेम घेतला की संपलं.

चार पॉइंट, चार डबल फॉल्ट. तिसऱ्याला कुणीतरी "अरेरे" म्हणालं, चौथ्याला तेवढंही नाही. ती शांतता हसण्यापेक्षा वाईट होती. पाच-चार.

विश्रांतीत ती टॉवेल घेऊन कोपऱ्यात गेली. कठड्यापलीकडे सर आणि आई बसले होते.

"हात सरळ वर, हनुवटी वर," सर घाईने म्हणाले.

"सर, खालून मारू?"

सरांना आधी कळलंच नाही. "खालून? पोरं गल्लीत मारतात तशी? वेडी झालीस का! ही पोरगी चेंडू फाडून ठेवेल. आणि लोक काय म्हणतील?"

 आई पुढे वाकली. "लोकांना उतरायचं तर उतरतील पुढच्या थांब्यावर. तू गाडी चालव."

उंच मुलीने आपला गेम घेतला. पाच-पाच. आता पुन्हा हिची सर्व्हिस. पहिला पॉइंट वरून, डबल फॉल्ट. दुसऱ्याला तिने चेंडू आपटला, वर पाहिलं, आणि हात खाली आणून रॅकेट चेंडूच्या पोटाखालून फिरवली. चेंडू नेटवरून जेमतेम सरकला आणि पलीकडे मेल्यासारखा बसला. उंच मुलगी धावली, पोचली नाही.

शिट्ट्या आल्या, हशा आला. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "पैसे परत द्या!"

उंच मुलगी पंचांकडे गेली. "हे चालतं?"

"नियमात आहे," पंच म्हणाले. "खेळा."

हिचे कान तापले होते, पण बोटं पहिल्यांदाच शांत होती. चेंडू वर टाकायचाच नव्हता; नुसता सोडायचा होता. अर्थात प्रत्येक पॉइंट आता पडत्या बाजूनेच सुरू होणार होता. समोरची पुढे सरून दणके घालू लागली आणि ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागली. तीनदा ड्यूस झालं, म्हणजे चाळीस-चाळीसची बरोबरी. गेम मिळाला तेव्हा सर डोकं धरून बसले होते.

उंच मुलीनेही पुढचा आपला गेम घेतला. सहा-सहा. मग सामना ठरवणारा टायब्रेक, दहा पॉइंटांचा आणि दोनच्या फरकाचा. नऊ-नऊवर उंच मुलीचा फटका बोटभर बाहेर गेला. दहा-नऊ, आणि सर्व्हिस हिची.

एकदा वरून मारून बघावी, असं तिला फार वाटलं. जिंकायचं तर ताठ मानेने. तिने डावा हात उचललासुद्धा. तळहाताला तोच घाम फुटला. तिने हात खाली घेतला, चेंडू पुन्हा आपटला आणि या वेळी खालूनच, पण लांब, कोपऱ्यात मारला. उंच मुलगी दोन पावलं पुढे सरून उभी होती. तिला मागे पळावं लागलं. तरी परतीचा फटका जबर आला. हिने तो उंच उडवला. वरून ठोका आला, हिने परत उडवला. पुन्हा ठोका. हिने रॅकेटच्या टोकाने कसाबसा परतवला. तिसरा ठोका नेटमध्ये गेला.

ती आनंदाने ओरडलीबिरडली नाही. कोर्टवर मटकन बसली आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. आईने सरांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा खाली पडला.

कपडे बदलायच्या खोलीत उंच मुलगी समोरच्या बाकावर पाठ फिरवून बसली होती. नेटपाशी तिने हात मिळवला होता तोही न बघता. आता दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तिने विचारलं, "ताई, ते मुद्दाम केलंत का? मला चिडवायला?"

"नाही गं. माझा हातच जातो."

मुलगी वळली. डोळे लाल होते. "जातो म्हणजे कसा? बोटं दुसऱ्याचीच असल्यासारखी?"

"तुला कसं माहीत?"

"दोन महिने झाले. अजून सामन्यात नाही झालं, सरावात होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

दोघी तासभर तिथेच बसल्या. बाहेर सर घड्याळ बघत होते, आईने त्यांना आत हाक मारू दिली नाही.

मुख्य फेरीचा पहिला सामना गोचीड एका तासात हरली. त्यातल्या निम्म्याहून जास्त सर्व्हिसेस खालून होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तिची चित्रफीत जगभर फिरली, वर हसणाऱ्या चेहऱ्यांच्या खुणा लावून. तिने ती एकदा पाहिली. पुढचं वर्षभर ती तशीच खेळली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी अठ्ठ्याऐंशीवर पोचली. त्याहून वर कधी गेली नाही. वरची सर्व्हिस हळूहळू परत आली, कशी ते तिलाही सांगता येत नाही. पण पूर्ण भरवसा कधीच बसला नाही. अजूनही आठवड्यातून एकदा त्या उंच मुलीचा फोन येतो, बहुतेक वेळा सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि ही हातातलं काम बाजूला ठेवून आधी विचारते, "हात कसा आहे?"