पहिल्या घाण्याची चकली

"यंदा नवं मानूस कोन?"

चकल्यांचा पहिला घाणा कढईतून निघाला की ताईचा हा प्रश्न ठरलेला. उत्तर मिळेपर्यंत परातीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तिचा थाट पाहायला हवा होता. एका हातात झारा, दुसरा कमरेवर.

लग्न होऊन मी रत्नागिरीहून वसईजवळच्या जूचंद्रला आले, ती तिच्या अंगणाला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत. दिवाळी तोंडावर होती आणि मला माहेर आठवून रडू फुटत होतं. तिने चुलीवरच्या कढईतली पहिली चकली काढून माझ्या हातावर ठेवली. "खा बाय. तू नवी ना!" हात पोळला, पण परकेपणा गेला तो गेलाच.

वयाने थोडी मोठी म्हणून ती ताई, बाकी आमची भांडणंही बरोबरीची. तिसरी मैत्रीण साताऱ्याची, मागच्या चाळीतली. तिघींनी मिळून फराळ करायचा, ही पद्धत ताईनेच पाडली. पुढे आम्ही दोघी फ्लॅटमध्ये गेलो, तरी चकल्या तिच्याच अंगणात. "तुमच्या गॅसला चव हाय का?" म्हणायची.

घरं वाढत गेली. पहिली चकली कधी सुनेला, कधी नातीच्या ओठांना नुसती टेकवलेली. साताऱ्याच्या मैत्रिणीचा तमिळ जावई म्हणाला, "आमच्याकडे याला मुरुक्कू म्हणतात." ताई म्हणाली, "म्हनू दे. तू खा."

मग माझी लेक सासर कायमचं सोडून घरी आली. फराळाला यायला ती तयार नव्हती. "सगळे विचारतील," म्हणाली. ताई स्वतः येऊन तिला हाताला धरून घेऊन गेली.

घाणा निघाला, प्रश्न आला. त्या वर्षी कुणाकडे ना लग्न झालं होतं, ना बारसं. ताईने सरळ लेकीच्या हातावर चकली ठेवली.

"परत आली ती पन नवीच. खा."

लेक रडत रडत खात होती आणि ताई तिला दटावत होती, "मीठ बरोबर हाय का ते सांग आधी." मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

गेल्या वर्षी ताईच्या दिरांनी आणि मुलांनी मिळून ते घर बिल्डरला दिलं. अंगण गेलं, चूल गेली. ताई मुलाबरोबर टॉवरमध्ये राहायला गेली. दिवाळी आली तरी तिचा फोन नाही. मीच केला.

"यंदा राहू दे बाय. हितं सगल्यांची दारं बंद. मला कोन वलखतं?"

तिचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता. मला भीतीच वाटली.

आम्ही दोघी मैत्रिणी आणि माझी लेक भाजणी, सोऱ्या, कढई घेऊन न विचारताच तिच्या दारात उभ्या राहिलो. ती खिडकीपाशी बसून राहिली. पिठाला हात लावला नाही, की गॅसला नावं ठेवली नाहीत. पहिला घाणा निघाला, तरी तिचा प्रश्न येईना.

शेवटी लेकच चकल्यांची बशी घेऊन तिच्यापुढे गेली. "मावशी, यंदा नवं माणूस कोण?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसून तळहात पुढे केला.

"मीच की. दे."

सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. "मीठ बरोबर हाय," म्हणाली, आणि बशी उचलून समोरच्या दाराची बेल वाजवायला निघाली.